तुकड्याची कड

"सुपारी फोडायला गेले आणि दात मोडून बसले!" पुण्याच्या माझ्या चिरंजीवांनी फोनवरून काढलेला हा निष्कर्ष. शेजारचे घड्याळवाले शब्बीरभाई त्याला दुजोरा देतात: "मी सोता ऐकलो ना काका, कट् करून वाजलं!" वाजले, हे मान्य. सुपारी तोंडात होती, हेही मान्य. परंतु आवाज ऐकणे म्हणजे कारण जाणणे नव्हे! त्या एका 'कट्'वरून चिरंजीवांनी ठरवून टाकले आहे की वडिलांना आता स्वतःला सांभाळणे जमत नाही. लातूरचे घर क्लासच्या मुलांना राहायला द्यावे आणि वडिलांनी पुण्यास यावे.

भूकंपानंतर नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, तेव्हा त्यांच्या काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली दाबून फोडणे ही माझी नोकरी होती. ठोकळ्याने किती भार सोसला हे काटा सांगे. तो कसा फुटला हे मात्र डोळ्यांनीच वाचावे लागे. लोखंड वाकते, वाकताना इशारा देते. सिरॅमिक मानी जातीचे: अखेरच्या क्षणापर्यंत ताठ, आणि मग एकाएकी दुभंग! त्या जातीशी माझी सोयरीक का जुळली, हे वेगळे सांगायला हवे काय?

सुळ्यामागच्या दाताच्या जागी माझ्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवलेला आहे. त्यावर दाताची टोपी पेलणारा सिरॅमिकचा खुंट असतो. दवाखान्यात त्याला अबटमेंट म्हणतात. मोडला तो हा खुंट. सरळ दाब तो पुष्कळ सोसतो, तिरका कमी. आणि रोजचा थोडाथोडा तिरका दाब त्याला आतून पोखरत नेतो. मोडके अवशेष काढताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काका, दिवसभर दात आवळून बसता का हो?" मी म्हणालो, "ते राहू द्या. तुकडा मला द्या." त्या हसल्या, "घ्या! दाताचंही पोस्टमार्टम करणार म्हणा की!"

प्रश्न मात्र माझ्यामागून घरी आला. माझ्या गल्लीतून पहाटेपासून मुलांचे लोंढे क्लासकडे वाहतात; पाठीवर दप्तरे, ओठांवर सूत्रे. एवढ्या गर्दीत माझ्या फाटकाची कडी दिवसदिवस वाजत नाही. पत्नी गेल्यापासून भांडायलाही कोणी उरले नाही. ज्याच्या जिभेला काम नाही, त्याचे दात एकमेकांशीच हुज्जत घालत बसतात काय? घालत असतील! एकटेपणामुळे घर सोडा, असे चिरंजीव म्हणाले असते, तर मी निदान विचार केला असता. सुपारीच्या आळावर मी उंबरा ओलांडणार नाही.

काल भिंग घेऊन तो तुकडा उन्हात धरला. एका घावात मोडलेल्या सिरॅमिकची कड सर्वत्र सारखी पांढरी असते. या तुकड्याची निम्मी कड पांढरी आहे. उरलेली निम्मी, कितीतरी महिन्यांचा चहा मुरून तपकिरी झालेली.