कोरडा डबा

आधीच सांगते, माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्यावं. वन्संना जाऊन दीड महिना झाला. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते आहे...

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. बदलापूरला आमच्याबरोबरच राहायच्या. शाळेत कुंड्या ठेवल्या की पोरं रोपं उपटायची, म्हणून त्यांचे प्रयोग आमच्या गॅलरीत चालायचे. एकाच मापाचे डबे, एकच माती, सारखेच मूग. "शालन, बदलायची फक्त एक गोष्ट. दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही," असं मला भांडी घासताना सांगायच्या. खोक्यात अंधारात ठेवलेलं रोप उन्हातल्यापेक्षा उंच झालं, तेव्हा मला वाटलं तेच जिंकलं. पण ते पिवळं, लुळं होतं. "उजेड शोधत धावतंय बिचारं," त्या म्हणाल्या. आमचे हे चिडवायचे, "लोकांकडे मूग ताटात असतात, आमच्याकडे पाहुणे म्हणून!"

एकदा त्यांनी दोन डबे मांडले. रोपं वर आल्यावर एकाला रोज पाणी, दुसऱ्याला अजिबात नाही. आठ दिवस झाले तरी कोरड्या डब्यातली रोपं हिरवीगार. वन्सं चष्मा काढून, लावून बघत राहिल्या. नवव्या दिवशी डबे शाळेत न्यायला पिशवीत भरले, तेव्हा मी पिशवी धरून ठेवली. मुलांसमोर वन्संची फजिती...

"वन्सं, नेऊ नका. तुळशीला घालून तांब्यात उरतं ना, ते मी त्यात ओतायचे."

"रोज?"

"रोज. माझं माहेर शेतीचं. तहानलेलं रोप बघवत नाही हो."

आता ओरडणार, असं वाटलं. त्या मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसल्या. "आणि मी आठ दिवस पुस्तकं धुंडाळतेय!" मग डबे पुन्हा मांडले, तिथेच, तुळशीशेजारी. वही माझ्या हातात दिली. "आता हात आवरायचा. रोज बघून तूच लिहायचं." सहाव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. मी रडले, पण ओतलं नाही. वन्संनी पाठीवर हात ठेवला. एवढी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

यंदा ऑपरेशननंतर त्या अंबरनाथला दवाखान्यात होत्या. तोंडाने थेंबभरही पाणी द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुपारी मी एकटीच होते.

"शालन, घोटभर दे गं."

"वन्सं, नको म्हणालेत. उद्या सकाळी देतील."

ओला कापूस ओठांवरून फिरवला, तर त्या तो चोखू लागल्या. मी हात मागे घेतला.

"बरं," त्या म्हणाल्या. पहाटे गेल्या.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही केलंत ते बरोबरच. असेल...

गेलेल्या माणसासाठी दहा दिवस दिव्याजवळ पाण्याचा पेला ठेवतात. दिवा कधीच उचलला, पेला मी त्यांच्या खोलीत अजून ठेवते. "किती दिवस गं?" यांनी एकदा विचारलं. सकाळी जाऊन बघते, पाणी जरासं खाली गेलेलं असतं. ते हवेत उडून जातं, वन्संनीच शिकवलंय मला. तरी पेला पुन्हा काठोकाठ भरते.