वरचं नेट, खालचं नेट

दिग्रसच्या आमच्या घरात वर दीर-जाऊ राहतात, खाली आम्ही. इंटरनेट एकच, पण राउटर त्यांच्याकडे. तिथून एक वायर जिन्यातून खाली येते, टीव्हीमागच्या नेटच्या स्विचच्या डबीत शिरते आणि तिथून आमच्या वायफायला जाते. वाटेत कुठेतरी झोपतही असावी. जावेच्या मोबाइलवर अख्खे सिनेमे सरसर पळायचे. माझ्याकडे रेसिपीतला कांदासुद्धा चिरून व्हायचा नाही.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण लेक नागपूरला शिकायला गेली आणि व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड अर्धं उघडं राहून अडकायला लागलं. एक दिवस ती म्हणाली, "आई, तुयं नेट लय अडकते. मी काकूलेच फोन लावत जाईन, तू वर येत जाय."

पोटची पोर माझी, आणि तिला बघायला मी जावेच्या पलंगाच्या कडेला बसायचं! त्या दोघी खिदळायच्या. मैत्रिणी, मेस, कोणाचं कोणाशी भांडण झालं, सगळं जावेला ठाऊक. माझ्या वाट्याला शेवटी "आई, बरी आहेस ना?" एवढंच यायचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग मी हट्टालाच पेटले. डबी जुनी, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या कामातून उरलेली. वायरच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या आणि त्यातलीही एक सैल. हा शोध लागला तोही जावेच्याच नेटवर व्हिडिओ बघून, ते आणखी झोंबलं. नवी डबी आणली. नव्या वायरची टोकं दुकानातूनच बसवून घेतली आणि वायर जिन्यातून स्वतः ओढली. मोबाइलवर वेग मोजला. वर जेवढा, तेवढाच खाली! मी मनातल्या मनात जावेला अंगठा दाखवला.

लगेच लेकीला कॉल लावला. चित्र लख्ख.

"पाह्य, आता कसं दिसून राह्यलं!"

"हो, मस्त दिसते."

"जेवली का?"

"जेवली."

"अभ्यास?"

"चालू आहे."

पुढे काय विचारावं, मला सुचेना. तीही काही बोलेना, नुसती स्क्रीनकडे बघत राहिली. मला वाटलं, पुन्हा अडकलं वाटतं.

पण तिच्या मागचा पंखा फिरत होता.