मांडीखाली हात दाबून बसणारी काजल

फोनवर बटण दाबलं आणि भलतंच झालं, तर पहिली शिवी कोणाला देता तुम्ही? स्वतःलाच ना? 'आपल्याले नाही जमत बाप्पा' म्हणता आणि फोन पोरीच्या हातात देता. मग ही काजल तुमच्याच कामाची आहे.

काजल खापा गावची, कोष्ट्याच्या घरची. बाप हातमागावर बसायचा. धागा तुटला की मागाला अशा शिव्या घालायचा की शेजारच्या बाया दार लावून घेत. स्वतःला मात्र एकही नाही. पोरीनं बापाचं तेवढंच उचललं. आता ती शहराच्या टोकाला, बेसा भागात खोली करून राहते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीचं डिझाइन सांभाळते. एकटी. प्रोग्रामर अकरा, डिझाइनवाली एक. माल असा, की कोड न लिहिता, पडद्यावर तयार ठोकळे ओढून कोणीही आपलं ॲप बनवावं. 'कोणीही' हा शब्द मालक अभिजीतचा. त्यात तो स्वतः, त्याचा साळा आणि ते अकरा जण येतात.

काजलचं म्हणणं एवढंच, की चुकलं तर मागे घ्यायचं बटण द्या. अकरा जण म्हणाले, तीन आठवडे लागतील. आणि माल तर सोमवारी बाजारात जाणार.

"पहिले निघू दे, मंग पाहू," अभिजीत म्हणाला.

शनिवारी ती माझ्याकडे, आमच्या कामगार संघटनेच्या ऑफिसात आली. "ज्याले खरंच ॲप लागते असं कोणी हाय का?"

होतं. वाडी भागातल्या गोदामात पॅकिंग करणाऱ्या चाळीस बाया आमच्या संघटनेत आहेत. त्यांची हजेरी शोभाताई ठेवते, वहीत. तिला लॅपटॉपसमोर बसवलं. बाजूला काजल, पडद्याचं रेकॉर्डिंग लावून, दोन्ही हात मांडीखाली दाबून, तोंड बंद. हा तिच्या कामाचा नियम: माणूस अडला तरी सांगायचं नाही, नुसतं पाहायचं.

अर्धा तास खपून शोभाताईनं चाळीस नावं टाकली. मग तारखेचा ठोकळा ओढला. तो नावांवर पडला आणि यादी साफ.

"माह्यंच डोकं बंद हाय वं," शोभाताई म्हणाली.

माझं डोकं सणकलं. "काजल, काहून नाही सांगितलं? तमाशा पाहून राहिली का?"

"आज मी सांगीन. उद्या उमरेडच्या बाईच्या घरी कोण जाईन सांगाले?" मग शोभाताईकडे वळून, "ताई, चूक तुमची नाही, माझी हाय. याचा व्हिडिओ कंपनीत दाखवू का?"

शोभाताईनं पदर खोचला. "व्हिडिओ कायले? मीच येते."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं काजलच्या कंपनीत. अकरा जणांनी कानातले हेडफोन काढले. शोभाताई अभिजीतला म्हणाली, "बस गा बाबू. माह्या चाळीस बायांची हजेरी बनव." वही त्याच्यापुढे ठेवली, खुर्ची ओढली, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून गप्प बसली.

अभिजीत हसत सुरू झाला. सोळाव्या नावाला म्हणाला, "एवढे पुरे ना, ताई?" ताई भिंतीकडे पाहत राहिली. त्यानं चाळीसही टाकली. मग घाईत तारखेचा ठोकळा ओढला.

यादी साफ.

मागे घ्यायची सोय नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी बोटं सवयीनं कीबोर्डवर मागे घ्यायच्या कळांकडे धावली. एकदा, दोनदा, चारदा.

"अबे, कोणी सांगा ना," तो अकरा जणांना म्हणाला.

"सांगायचं नसते, सर," काजल म्हणाली.

"होते बाबू," शोभाताई म्हणाली. "डोकं बंद असन."

माल तीन आठवड्यांनी निघाला, बटणासकट. अभिजीत ते बटण जिथे तिथे आपली कल्पना म्हणून सांगतो. सांगू द्या. शोभाताईची हजेरी आता फोनवर आहे. वहीही आहे, भरवसा एवढ्यात बसत नाही. काजल मात्र अजून एकटीच. दुसरी डिझाइनवाली ठेवायचं कोणी नाव काढत नाही.

दर शनिवारी अकराला ती वाडीत, आमच्या ऑफिसात, लॅपटॉप घेऊन बसते. तिला ज्यांना जमत नाही अशीच माणसं पाहिजेत. तुम्ही या. अडलात की स्वतःला एक शब्द बोलू नका. शिवी लॅपटॉपला द्या, जरा मोठ्यानं. ती लिहून घेते.