कनेरगावच्या पंगतीत दोन भाषा

हळदीच्या ढिगातले गड्डे एका बाजूला आणि हळकुंडं दुसऱ्या बाजूला करत आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात बसलो होतो. तिच्या-माझ्या जोडीचं ते शेवटचं साधं काम. हात चालू होते आणि तोंडानं वाद चालू होता. आमचा जावई बागुस जावा बेटावरचा, सून आना क्रोएशियाची. दोघांतली कोणाची भाषा आपल्या जवळची, यावर वाद. ती जावयाच्या बाजूची. जावाच्या भाषेत गुरू आहे, पुत्र आहे, बापाला बापाक म्हणतात. मी सुनेच्या बाजूचा. तिकडं दोनला द्वा, तीनला त्री, चारला चेतिरी, आणि बापाला ताता.

शेवटी ती म्हणाली, "भाषेचं ऱ्हाऊ द्या. मला ते दोघं माझ्या भावाच्या पंगतीत बसलेले बघायचे हायेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत ती मेली होती. लोक मला सांगतात, वारली म्हणा, देवाघरी गेली म्हणा. मी मेली म्हणतो. मला ठाऊक आहे काय झालं ते.

तिचा भाऊ माधव कनेरगाव नाक्याजवळ राहतो. आमच्या लेकरांनी जातीबाहेर, मुलखाबाहेर लग्नं केली म्हणून त्यानं जावयाला, सुनेला घरात घेतलं नव्हतं. तेरावा झाल्यावर त्याचा निरोप आला, दुखवटा काढायला या. (दुखवटा काढणे म्हणजे सोयऱ्यानं घरी बोलावून पहिला गोड घास आपल्या हातानं भरवायचा. तो घास पोटात गेल्याशिवाय दोन्ही घरांत शुभकार्य होत नाही.) लेक बाळंतपणाला टेकलेली, म्हणून तिच्या वतीनं बागुस एकटाच आला होता. मुलगा रजा संपली म्हणून कामावर परत गेला होता, आना मागं राहिली होती. मी दोघांना म्हणालो, चला.

वारंगा फाट्यावर हिंगोलीची गाडी यायला वेळ होता. भज्याच्या गाड्यापाशी थांबलो. बागुसनं कढईकडं अंगठा पुढं करून दाखवलं. भजीवाला तापला. "मला ठेंगा दाखवून राहिला का रे?" म्हणून झारा घेऊन उठला. बागुस बिचारा वाकून हात जोडायला लागला. मग कळलं, त्यांच्याकडं बोटानं दाखवणं उद्धटपणाचं, अंगठ्यानं दाखवणं अदबीचं. भजीवाल्याला समजावलं, तेव्हा तो हसला आणि दोन भजी जास्त टाकली. आनानं मिरचीसकट खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत अजून मागितली.

गाडीत मी मधल्या सीटवर, एकीकडं जावा, एकीकडं क्रोएशिया. लेकरांनी शिकवलेलं मोडकं मराठी दोघांनाही येतं. मी विचारलं, तुमच्यात मेलेल्याला काय म्हणतात? बागुस खाली बघून म्हणाला, शब्द पुष्कळ आहेत. जनावराचा वेगळा, माझा वेगळा, आणि आईंसारख्या मोठ्या माणसाला सेदा. जेवणाचं तसंच, झोपेचं तसंच. मोठ्यांसाठी निराळे शब्द ठेवलेले. आना खिडकीतून वळून म्हणाली, "उम्रला." त्या शब्दात आपला 'मर' बसलेला मला स्पष्ट ऐकू आला. मग म्हणाली, आमच्यात लहान-मोठं नाही, घरच्याला तू आणि परक्याला तुम्ही, एवढंच. एकीची भाषा माझ्यासारखी, थेट. दुसऱ्याची माझ्या बायकोसारखी, वडीलधाऱ्याचं ताट आधी वाढणारी. वाद काही मिटला नाही. मिटवायला समोरची बाई पाहिजे.

कळमनुरी गेली, हिंगोलीला गाडी बदलली. कनेरगावला उतरलो तेव्हा उन्हं उतरत होती. दोन्ही बाजूंनी काढलेल्या हळदीची मोकळी रानं. माधव दारात होता. माझ्या गळ्यात पडून रडला. खोटं का बोलू, मीही रडलो. मग त्यानं माझ्यामागं पाहिलं आणि डोळे पुसले.

आत पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी. माधव हळू आवाजात म्हणाला, "दाजी, तुमी आत बसा. या दोघांचं ओसरीवर वाढतो."

"मंग माझंबी ओसरीवर वाढ," मी म्हणालो.

"दाजी, दुखवट्याचा घास हाय. देवासमोर भरवावा लागतो."

"तुझ्या बहिणीला या दोघांला तुझ्या पंगतीत बसवायचं होतं. ती मेली. आता हे दोघं बसतील तिथंच तुझी पंगत. न्हाईतर मी घास घेत न्हाई, बसा दोन्ही घरं अशीच."

मी ओसरीवर मांडी घातली. एका अंगाला बागुस, दुसऱ्या अंगाला आना. भावकीतली माणसं भिंतीला टेकून बघत होती. माधव ताट धरून उंबऱ्यात उभा. ना आत, ना बाहेर. तेवढ्यात आना जागेवरून सरकली, शेजारची जमीन हातानं झाडली आणि म्हणाली, "मामा, तू बस."

कोणीतरी फिस्सकन हसलं. माधवचा चेहरा लाल. "मला अरे-तुरे करून राहिली ही?"

मला गाडीतलं बोलणं आठवलं. मी म्हणालो, "तिच्या मुलखात घरच्याला तू अन् परक्याला तुम्ही. तू तिला परकी धरलीस, तिनं तुला घरचा धरला. आपण आईला काय म्हणतो रे? देवाला काय म्हणतो?"

माधव उंबरा ओलांडून आला आणि आनाच्या शेजारी बसला. माझ्या तोंडात घास घातला. पुरण माझ्या मिशीला लागलं. आतून बाकीची ताटं आली, पण बागुसनं ताटाला हात लावला नाही. तो माधवकडं बघून मान झुकवून म्हणाला, "मोंगो." (जावाच्या भाषेत, आधी आपण घ्या.) माधवनं आधी घेतला. मग बागुसनं.

रात्री परतलो. येताना बागुसनं सांगितलं, त्यांच्यात निघताना परवानगी मागतात, पामित. आना म्हणाली, आम्ही म्हणतो दोविजेन्या, पुन्हा दिसेपर्यंत. मी सांगितलं, आपल्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. ती मात्र काहीच न म्हणता गेली. ते मी तिला माफ करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांची निघायची वेळ झाली. सुनेची ओटी भरायला सासू नव्हती. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, गड्यानं, त्यातून बायको मेलेल्यानं, ओटी भरायची नसते. मी म्हणालो, मग डोळे मिटा. बायकोच्या हातच्या निवडीतली पाच हळकुंडं काढली, तांदूळ आणि नारळ घेतला आणि आनाच्या पदरात सगळं घातलं. मग म्हणालो, "येते म्हण."