पंखा फिरवणारा मिस्त्री

बेळगावच्या फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरीने मला फसवलं. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवायचा नंबर माझा होता, तो त्याने ऐनवेळी आपल्या जावयाला दिला.

पण मला सांगायचं आहे ते क्लबच्या मिस्त्रीबद्दल. विमानाचा पंखा हाताने फिरवून तो इंजिन सुरू करायचा. त्याआधी पायताण काढून बाजूला ठेवायचा आणि विचारायचा, "स्विच बंद?" मी "बंद" म्हटलं तरी पुन्हा विचारायचा, कारण स्विच चुकून चालू राहिला तर पंखा अचानक फिरून हात तोडू शकतो. एकदा मी चिडलो, तर माझा तंबाखूचा धंदा ठाऊक असल्याने म्हणाला, "अण्णा, निपाणीच्या बाजारात तुम्ही तंबाखू एकदाच हुंगून घेतासा व्हय? हितं तर माझं हात हाईत."

त्या सकाळी जावई विमानात बसला, पण मिस्त्रीने पायताण काढलंच नाही. "नंबर अण्णांचा हाय," एवढंच म्हणाला.

सेक्रेटरी ओरडला, "पंखा फिरव."

मिस्त्रीने हात पाठीमागे बांधले. "तुम्हीच फिरवा की, साहेब."

पंख्याला हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही. विमान जागचं हललं नाही, आणि दुपारी मिस्त्रीची नोकरी गेली.

परवा तो बेळगावच्या कॅम्प भागात रस्त्याकडेला सायकलचं पंक्चर काढताना दिसला. पायताण बाजूला काढून ठेवलेलं होतं.

"उडालासा काय, अण्णा?"

"न्हाय अजून."

"मग माझी नोकरी फुकटच गेली म्हणायची," म्हणत तो हसला.

मला हसता आलं नाही. माझा नंबर मी भांडून घेईन. त्याची नोकरी कशासाठी गेली, याचा जबाब मात्र सेक्रेटरीने सगळ्या सभासदांसमोर, त्याच पंख्यापाशी उभं राहून द्यावा.