सत्तारभाईंचं तिरकं अक्षर

भाव करायला लागलं की सत्तारभाई पेंटर बोलायचे नाहीत. ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून धुवायला घ्यायचे. लातूरला मी चपलांचं दुकान काढलं तेव्हा पाटीसाठी त्यांच्याशी दुपारभर घासाघीस केली. सगळे ब्रश धुऊन झाले, तरी हा माणूस गप्प. शेवटी म्हणाले, "मालक, सस्तं पायजे तर उभं अक्षर घ्या. तिरक्याला दम लागतो." मी तिरकंच घेतलं, तेही त्यांच्या भावात. असा हरलो नव्हतो मी कुणाशी.

पण अक्षर असं, की गिऱ्हाईक पाटीकडं बघत थांबायचं. जाड, उजवीकडं झुकलेलं, शेवटचा फराटा कोरडा सुटलेला. आता पाटी सोडून पळेल असं वाटायचं. कुस्त्या, सर्कस, सेल, सगळ्यांना तेच हवं असायचं. भूकंप झाला तेव्हा मदतीच्या ट्रकांना बांधायचे कापडी फलक त्यांनी फुकट लिहिले. देणाऱ्यांना आपलं नाव मोठं हवं होतं. सत्तारभाई ट्रक जायचा त्या गावाचं नाव मोठं काढायचे, देणाऱ्याचं खाली बारीक. कुणी कुरकुरलं की ब्रश धुवायला सुरुवात.

पुढं क्लासेसचं पीक आलं. एका क्लासच्या सरांनी त्यांच्याकडून भिंत रंगवून घेतली, तिचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवाल्याकडून त्याच वळणाचा फॉन्ट करून घेतला. मग रेणापूरपासून नांदेडपर्यंत 'प्रवेश सुरू' त्याच अक्षरात, गुणवंतांची नावंही त्याच अक्षरात. आणि सत्तारभाई घरी बसून.

माझं डोकं फिरलं. त्यांना ओढतच सरांकडं नेलं. अक्षरावर कुणाची मालकी असते का, असं सर हसून म्हणाले. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, बाहेर बसलेले पालक आत डोकावू लागले तेव्हा सर नरमले. प्रत्येक फ्लेक्सच्या कोपऱ्यात 'अक्षर : सत्तार पेंटर' छापायचं ठरलं. क्लासच्या ऑपरेटरनं तिथंच कॉम्प्युटरवर, त्याच फॉन्टमध्ये टाइप करून दाखवलं.

सत्तारभाईंनी पडद्याकडं पाहिलं आणि चष्मा काढला. "ह्ये छापू नका. माझं नाव मी लिहिणार, न्हाईतर न्हाई."

रस्त्यावर आल्यावर मी त्यांना वाट्टेल ते बोललो. एवढं भांडून मिळवलं आणि तुम्ही लाथ मारली, म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "दस्तखत दुसऱ्यानं करायची असती का, मालक?" मी तणतणत दुकानावर आलो. पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

ते गेले, तेव्हा दफन होऊन दोन दिवसही झाले नसतील, सरांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. सत्तारभाईंचा फोटो पासपोर्टएवढा, हात जोडलेले सर त्याच्या चौपट. आणि खाली, त्याच मशीनच्या तिरक्या अक्षरात, 'सत्तार पेंटर'.

मी दुकानातली शिडी आणली, कातडं कापायची सुरी घेतली आणि भर बाजारात दोऱ्या कापल्या. क्लासचा मॅनेजर धावत आला. कुणाला विचारून काढला, म्हणून ओरडू लागला.

"त्यांनाच," मी म्हणालो. "ते तेव्हाच नाही म्हणाले होते."