सव्वादोनाच्या बांगड्या

नाथषष्ठीच्या यात्रेतून रिकाम्या हातानं परतायचं नाही, ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी एखादी वस्तू घ्यायचीच, ही माझ्या बायकोच्या माहेरची रीत. लग्नानंतर ती आमच्याकडंही आली. दर वर्षी आम्ही दोघं एसटीनं पैठणला जायचो. दर्शन झालं की ती मला कधी कंगवा घ्यायची, कधी अडकित्ता. एका वर्षी तिनं टोपी घेतली. ती माझ्या कानांवर उतरायची, तरी महिनाभर मी ती घालून कचेरीत गेलो. मी तिला हिरव्या बांगड्या घ्यायचो, त्याही एकाच कासारणीकडून. नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर तिचं दुकान लागायचं, चार बांबूंवर ताडपत्री टाकलेलं. बायकोचा हात हातात घेऊन ती बांगड्या भरायची आणि दोघींच्या गप्पा संपता संपायच्या नाहीत. मी बाजूला पिशवी धरून उभा.

माझ्या निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, बायको गेली. मुलगा पुण्याला होता. ‘तिकडं चला’ म्हणाला. चार महिने राहून मी पुंडलिकनगरच्या आमच्या घरी परत आलो. षष्ठी आली तेव्हा सवयीनं कपडे केले आणि पैठणच्या गाडीत बसलो.

दर्शन घेऊन खाली येताना कासारणीनं हाक मारली.

“दादा, एकलेच? ताई नाय आल्या?”

खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “गुडघे धरलेत तिचे. घरीच आहे.”

“असू द्या, माप ठाऊक हाय मला. सव्वादोन.” तिनं डझनभर बांगड्या कागदात बांधून दिल्या. “सांगा, मी आठवण काढली म्हणून.”

मी बरं म्हणालो. परतीच्या गाडीत पुडकं मांडीवर होतं. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. जगात एक माणूस असं होतं की त्याच्या लेखी माझी बायको घरी बसून माझी वाट बघत होती. घरी आल्यावर पुडकं कपाटात ठेवलं आणि सकाळची पोळी दुधात कुस्करून खाल्ली.

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. गुडघे कसे आहेत विचारलं, तर थोडा उतार आहे म्हणालो. तिनं लेप सांगितला, तोही मी लक्ष देऊन ऐकला.

तिसऱ्या वर्षी कासारीण खंगलेली दिसली. शेजारी सून बसली होती.

“औंदा मलाच बरं नाय,” ती म्हणाली. “पुढल्या साली मी असंन का नाय, देव जाणे. एकदा आणा की ताईला. मोटार करून आणा.”

आता मात्र मला जमेना. “मावशी, ती नाही. अडीच वर्षं होत आली.”

तिनं बांधायला घेतलेलं पुडकं सोडलं. बांगड्यांवरून एकदा हात फिरवला.

“अन् नेलेल्या?”

“कपाटात आहेत.”

“काकणं अशी डांबून ठेवू नयेत दादा. कुणाच्या तरी हातात जाऊ द्या.”

ती रागावली नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. सुनेनं सरकून जागा केली. मी तिथं बसलो, अर्धा कप चहा घेतला, आणि कासारणीनं विचारलं तसं बायकोचं दुखणं सगळं सांगितलं. मुलगा सोडून कुणाला मी ते सांगितलं नव्हतं.

दिवाळीत पुण्याहून सूनबाई आली, तिला त्या बांगड्या लहान झाल्या. शेवटी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना दिल्या, त्यांना बरोबर बसल्या. सकाळी मी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसलेला असलो की मोरीतून त्यांची किणकिण यायची. एकेक करून त्या वाढवल्या. पावसाळ्यापर्यंत त्यांच्या हातात दोनच उरल्या होत्या, आणि मग एके दिवशी बाईंनी लाल भरल्या.